आई, मी कुठल्याही पंथात गेलेले नाही

डॅलस, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय आई व पप्पा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आई, परवा फोनवर तुझा आवाज कापत होता, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवते आणि रात्रपाळी आठवड्यातून तीनच दिवस असते. मावशीने तुला प्रभूच्या येण्याची तारीख सांगणारा तो व्हिडिओ पाठवला आणि पोरगी भलत्याच लोकांत अडकली असं तुझ्या मनाने घेतलं. तसं काही नाही गं. 23 सप्टेंबरला प्रभू येशू मंडळीला, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, वर स्वर्गात घेणार, हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने सांगितलं होतं आणि ते मोबाइलवरून जगभर पसरलं. आमच्या पास्टरांनी आदल्याच रविवारी बजावलं होतं, तारीख सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्या रात्री मी वॉर्डात ड्युटीवर होते.

पण इथली एक गोष्ट मला पहिले सहा महिने उमगलीच नव्हती, ती सांगते. काही गाड्यांच्या मागे स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं, प्रभू आला तर ही गाडी चालकाविना राहील. म्हणजे विश्वासणारे क्षणात वर घेतले जातील, गाडी रस्त्यावर तशीच राहील आणि मागे उरलेल्यांवर सात वर्षांचं महासंकट येईल. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं ते 'मेघारूढ' वचन, ढगांतून प्रभूला भेटायला नेलं जाण्याचं, आपण मयताच्या घरी सांत्वनासाठी वाचतो. आजोबांच्या वेळी पप्पांनीच वाचलं होतं. इथे तेच वचन वेळापत्रकासारखं वाचतात.

बुधवारच्या बायबल वर्गात दोन टेबलांएवढा लांब कापडी तक्ता भिंतीवर लावतात. डावीकडे उत्पत्ती, उजव्या टोकाला नवं यरुशलेम. मधे मंडळीचा काळ, तिथून वर जाणारा लाल बाण, मग ती सात वर्षं आणि पुढे हजार वर्षांचं राज्य. सात वर्षं येतात दानीएलाच्या पुस्तकाच्या 9व्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांमधून; एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरतात. त्यातलं शेवटचं सप्तक अजून यायचंय, असं हे लोक मानतात. ही मांडणी 19व्या शतकात डार्बी नावाच्या उपदेशकाने पसरवली. 1909 साली स्कोफिल्ड यांचं टिपांसहित बायबल निघालं आणि ती घरोघरी पोचली. स्कोफिल्ड या डॅलसमध्येच पास्टर होते, त्यामुळे इथल्या आजीबाईंनासुद्धा हा तक्ता तोंडपाठ.

सगळे एकमताचे आहेत असं मात्र समजू नका. एक निवृत्त शिक्षिका दर वेळी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 24:29 या वचनावर बोट ठेवतात. तिथे 'संकटानंतर' म्हटलंय, तेव्हा मंडळीला संकटातून जावंच लागेल. एक काका म्हणतात, त्याच अध्यायातली 'ही पिढी' म्हणजे येशूच्या वेळचीच पिढी, रोमी सैन्याने इ.स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच त्या भाकितातलं बरंचसं पुरं झालं. आवाज चढतात, मग प्रार्थना होते आणि सगळे एकत्र जेवतात. मला त्यांची ही सवय फार आवडते.

पप्पा, तुम्ही विचारलंत, तुझं मत काय. माझं मत तुम्हीच शिकवलेलं आहे. तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. मला राग येतो तो तारीख देणाऱ्यांचा. मिलर नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने दानीएलातले 2300 दिवस वर्षं धरून इ.स.पू. 457 पासून मोजले, आणि त्याच्या लोकांनी शेवटी प्रभूच्या येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. रात्रभर वाट पाहिली आणि उजाडेपर्यंत रडले. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या कॅम्पिंग या रेडिओ प्रचारकाने 21 मे सांगितली. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका निवृत्त माणसाने आयुष्यभराची पुंजी, 1,40,000 डॉलर, जाहिरातींत घातली. संध्याकाळी तो भर चौकात घड्याळ बघत उभा होता. तारीख देणाऱ्याचं नंतर काहीही होवो, वाट बघणाऱ्याचं काय, हे मला सोसत नाही.

आता घरचं. पप्पांच्या मोतीबिंदूसाठी 60,000 रुपये पाठवलेत, सोमवारी बँकेत बघा. नाताळनंतर करू म्हणू नका. दादाच्या फीचं मी जानेवारीत बघते, त्याला उगाच बोलू नका. सोलापूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो, मी नाही म्हटलेलं नाही. त्यांच्या आईला सांगा, एकदा फोनवर बोलू दे. पण लग्नाचा महिना आत्ताच ठरवू नका.

आणि नाताळला या वर्षीही जमत नाहीये. रजा मागितली होती, मिळाली नाही. मागच्या वर्षी मी 20 डिसेंबर सांगितली, आजीने माझ्या खोलीला चुना मारून घेतला, गादी उन्हात टाकली, आणि मी आले नाही. तू सांगितलं नाहीस, दादाने सांगितलं. म्हणून आई, या खेपेला तिकीट हातात पडल्याशिवाय तारीख सांगणार नाही. आजीने विचारलं तर म्हण, येणार आहे. खोली आवरायला मात्र लावू नकोस तिला, तिचे गुडघे दुखतात.

तुमची,
बेबी