बॅगेत पाणी कुठून शिरतं ते निघायच्या आधी घरीच शोधा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आपल्या पेपरात भटकंतीचं पान यायला लागतं, ताम्हिणी, आंबोली, वरंधा, माळशेज, कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, आणि हल्ली तर बाइकवरून लडाखला कसं जायचं त्याचेही लेख असतात. मी ते सगळे आवडीने वाचतो. पण सामानाबद्दल त्यात एकच ओळ असते, चांगली वॉटरप्रूफ बॅग सोबत ठेवा, आणि लेख लगेच पुढे निघून जातो. त्या एका ओळीच्या भरवशावर तरुण पोरं हजारो रुपये घालतात आणि पहिल्याच मुक्कामाला बॅग उघडतात तर आतले कपडे पिळून काढायची वेळ आलेली असते, म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण कृपया छापा.

दुकानात गेलात की पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे कापड 1680 डी आहे, एकदम टॉप क्वालिटी, पाणी जाणारच नाही. आता हे डी म्हणजे डेनियर, 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे धागा किती जाड आहे एवढंच त्यातून कळतं. बॅग घासली तर पटकन फाटणार नाही हे खरं, पण त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर, आणि तो कितीही चांगला असला तरी बॅग शिवताना सुई त्यातून आरपार जातेच. शिलाईवर आतून टेप मारलेली नसेल तर प्रत्येक टाक्याला एक भोक आहे असं समजा. दुकानात बॅग उलटी करून आतली शिलाई बघायची, अस्तर लावून ती झाकलेली असेल तर सरळ विचारायचं की अस्तराच्या मागे टेप आहे का.

दुसरं म्हणजे उभ्या बाइकवर पडणारा पाऊस आणि पळत्या बाइकवरचा पाऊस यात फार फरक आहे. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंब खाली येतो तो सेकंदाला साधारण 9 मीटरच्या वेगाने, आणि तुम्ही 80 ने चालला असाल तर तुम्हीच सेकंदाला 22 मीटर जाताय, म्हणजे बॅगेच्या पुढच्या तोंडावर पाणी पडत नाही, ते आदळतं. शिवाय मागचं चाक खालून चिखलाचं पाणी उडवत असतं ते वेगळंच, ते बॅगेच्या बुडाला आणि आतल्या बाजूला बसतं, जिथे रेन कव्हर नसतंच कारण तिथे पट्टे असतात. बऱ्याच जणांना वाटतं रेन कव्हर आहे ना मग झालं. पण कव्हर वाऱ्याने फुगतं, इलास्टिक सैल पडतं, मागून पाणी शिरतं आणि ते बाहेर जायला जागा नसली की कव्हरच्या खोळीत साठतं आणि बॅग तासन्‌तास त्याच पाण्यात बसून राहते. म्हणून कव्हरच्या तळाला पाणी निघायचं भोक हवंच, आणि वरून एक पट्टा किंवा बंजी म्हणजे हुकवाली ताणणारी दोरी आवळून बांधायची, कारण सुटलेलं कव्हर मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर प्रश्न कपडे भिजण्याचा उरत नाही, जिवावर बेततं.

आता बॅग घरी कशी तपासायची ते सांगतो, याला काही खर्च नाही. निघायच्या किमान दोन आठवडे आधी करा, आदल्या रात्री करून काही उपयोग नाही कारण गळती सापडली तर भोकं बुजवायला जे सीलंट लावायचं ते सुकायला वेळ लागतो. आधी रात्री खोलीत पूर्ण अंधार करायचा, रिकाम्या बॅगेत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवायचा आणि बाहेरून शिलाई, कोपरे, पट्ट्यांची मुळं नीट बघत फिरायचं, भोकं असतील तिथे उजेडाचे बारीक ठिपके दिसतात, तिथे खडूने खूण करायची. पण सगळं काही उजेडात सापडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जुने पेपर चुरगळून बॅग गच्च भरायची, बाइकवर जशी बांधणार तशीच बांधायची आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धुवायचा पाइप घेऊन दहा-पंधरा मिनिटं पाणी मारायचं, वरून थोडं, पुढून जोरात, आणि खालून चाकाच्या दिशेने तर नक्कीच. मग बॅग बाहेरून पुसून घ्यायची आणि पेपर एकेक करून काढायचे. कोणता पेपर कुठून ओला झालाय ते बघितलं की पाणी कुठून आलं ते समजतं. परवा ग्रुपमधल्या एकाची बॅग आम्ही अशीच तपासली, बॅगेची वरची चेन म्हणजे झिप एवढी साधी दिसत होती की सगळ्यांना तिचाच संशय होता, पण वरचे पेपर कोरडे आणि खालच्या मागच्या कोपऱ्यातला पेपर लगदा झालेला. निरखून बघितलं तर तिथे जी गोल पायपिंग शिवलेली असते तिच्या आतून पाणी वाट काढत होतं आणि कोपऱ्यात येऊन आत उतरत होतं. चेनला सीलंट फासत बसलो असतो तर सगळी मेहनत वाया गेली असती.

भोक सापडलं की दुरुस्ती अवघड नाही, फक्त कापड कोणतं त्याप्रमाणे माल वापरायचा. पीयूच्या थरावर पीयूचंच सीम सीलर म्हणजे शिलाई बुजवायचं सीलंट चालतं, सिलिकॉनचा थर असलेल्या कापडावर सिलिकॉनचं, अदलाबदल केलीत तर सुकून पापुद्र्यासारखं निघून येतं. आधी शिलाई स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यायची, आतल्या बाजूने ब्रशने पातळ थर द्यायचा, एक दिवस उघडं ठेवायचं आणि नंतर वरून थोडी टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे बॅग घडी केल्यावर चिकटत नाही. पीव्हीसीच्या ताडपत्रीसारख्या बॅगेला पीव्हीसीचाच तुकडा आणि पीव्हीसीचाच गोंद लागतो, पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन तिथे टिकत नाही. आणि आतला थर चिकट होऊन सालीसारखा निघत असेल तर मात्र त्या बॅगेवर पैसे घालू नका, आपल्याकडच्या दमट हवेत माळ्यावर घडी करून ठेवलेल्या बॅगेचं असंच होतं, पीयू दमटपणाने विरघळत जातो आणि तो परत जोडता येत नाही.

पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे बॉक्स वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी शिरतं, बाइक एकदा आडवी पडली की झाकण जरासं वाकतं आणि बसत नाही, आणि माउंटिंगच्या बोल्टची व रिव्हेटची भोकं तर असतातच. अॅल्युमिनियमच्या बॉक्सला सीलंट लावणार असाल तर न्यूट्रल क्युअर प्रकारचं सिलिकॉन मागा, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते अॅल्युमिनियम खातं.

एवढं सगळं केलं तरी माझं मत असं आहे की बाहेरची बॅग कधीतरी गळणार हे धरूनच पॅकिंग करावं. खरं संरक्षण बॅगेच्या आत हवं, म्हणजे गुंडाळून बंद होणारी, वेल्डेड म्हणजे न शिवता वितळवून जोडलेल्या जोडांची ड्राय बॅग, तोंडाला किमान तीन घड्या बसतील एवढी मोकळी जागा ठेवून. लोक ती कोंबून भरतात, मग एकच घडी बसते आणि तिथूनच पाणी आत येतं. बजेट नसेल तर ताडपत्रीच्या दुकानात मीटरवर मिळणारं जाड प्लास्टिक घेऊन कपडे, औषधं, चार्जर-पॉवरबँक असे वेगवेगळे पुडे बांधा, एक फुटला तरी बाकीचे वाचतात. आणि ओला रेनकोट कोरड्या सामानात कधीच घालू नका, त्याला बाहेर बांधा.

लडाखला पाऊस नसतो मग एवढं कशाला असं बरेच जण विचारतात. अहो, लेहला पाऊस कमी असेल, पण जुलैत इथून निघालात तर गुजरात, राजस्थान, पंजाब करत मनालीपर्यंत सगळा रस्ता मान्सूनमधूनच जातो, आणि 2023 च्या जुलैत कुलू-मनालीत बियास नदीच्या पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढे मनाली-लेह रस्त्यावर दुपारनंतर बर्फ वितळून नाले चढतात, बाइक गुडघाभर पाण्यातून जाते तेव्हा खाली लटकलेली सॅडल बॅग त्या पाण्यात बुडते. त्यानंतर तुमचा मुक्काम असतो सरचूला नाहीतर पांगला, चार हजार मीटरच्या वर, रात्री पारा शून्याच्या आसपास. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की ऊब देत नाही. पुण्या-मुंबईत ओले मोजे म्हणजे गैरसोय, तिथे अंग गार पडून माणूस आजारी पडतो आणि जवळ हॉस्पिटल नसतं.

म्हणून दोन विनंत्या. बॅग बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना सांगणं आहे की लेबलवर आयपी रेटिंग, म्हणजे वस्तू किती पाणी अडवते त्याचा आकडा, छापा. आयपीएक्स 4 म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे, 6 म्हणजे जोराचा फवारा, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, हे आकडे मोबाइलच्या खोक्यावर असतात तर दहा हजारांच्या बॅगेवर का नकोत? चाचणी केली नसेल तर तसं लिहा, शिलाईला टेप नसेल तर तेही लिहा, लोक त्याप्रमाणे आत प्लास्टिक घालतील. आणि ग्राहकांनी बिल जपून ठेवावं, पाइपखाली बॅग गळतानाचा व्हिडिओ काढावा, दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिराती येतात, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते.

दुसरी विनंती आपल्याला. भटकंतीच्या पानावर पुढच्या वेळी धबधब्याच्या फोटोशेजारी एक छोटी चौकट या पाइपच्या चाचणीला द्या, लोक जूनच्या पहिल्या आठवड्यात वाचतील तर हातात वेळ असेल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक आणि बाइकर, चिंचवड