कारवानी कुत्रीला 'मिक्स्ड' ठरवणारा रिपोर्ट रद्द करा आणि पैसे परत द्या

प्रति,
कस्टमर केअर, आणि लॅबचे जे कोण प्रमुख असतील ते

नमस्कार,

ॲपवर तक्रार टाकली की दरवेळी तेच कॉपी-पेस्ट उत्तर येतंय, म्हणून सगळं सविस्तर मेल करतोय, हे कृपया माणसानं वाचावं.

आमची कुत्री यमनी कारवानी जातीची आहे, हिलाच मुधोळ पण म्हणतात. जत तालुक्यात आमच्या पाहुण्यांच्या मेंढरांच्या वाड्यावरनं पिल्लू असताना आणली, आई-बाप दोन्ही अजून तिथंच आहेत, कुणीही जाऊन बघावं. लांबुळकं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, आमच्या भागात असलं कुत्रं शाळेतलं पोरगंसुद्धा ओळखतं. आता तिचं मेटिंग करायचंय तर मिरजेत ज्यांच्याकडं नर आहे ते म्हणाले आधी कागद दाखवा. वाड्यावर कसले आलेत कागद? केनेल क्लबचा कागद सहसा आई-बापाच्या नोंदणीवर मिळतो, आणि त्यांचीच नोंद नाही. म्हणून तुमची डीएनए टेस्ट मागवली कारण तुमच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'देशी-विदेशी सर्व ब्रीड, प्युअरब्रीड आहे की नाही खात्रीनं कळेल'. साडेसात हजार भरले, वर सर्टिफिकेटचे वेगळे घेतलेत ते निराळंच.

सॅम्पल तुमच्या व्हिडिओत दाखवलंय तसंच घेतलंय, आधी खायला दिलं नाही, काडी गालाच्या आतनं हिरडीपर्यंत नीट फिरवली (मिसेसनं तोंड धरलं, मी काडी धरली, यमनीनं दोघांचा हिसाब नंतर चुकता केला), वाळवून मगच ट्यूबमध्ये घातली. तेव्हा सॅम्पल खराब होतं हे सांगू नका, तुमच्याच रिपोर्टात 'सॅम्पल क्वालिटी उत्तम' असं छापलंय.

आणि रिपोर्ट काय तर ग्रेहाउंड ५८ टक्के, सालुकी २३ टक्के, उरलेलं 'इतर', आणि खाली लाल अक्षरात 'मिक्स्ड ब्रीड'. जतच्या माळावर ग्रेहाउंड कुणी आणला होता ते पण छापायचं की मग! शेवटच्या पानावर सोफ्यावर झोपलेल्या ग्रेहाउंडचा फोटो आणि सल्ला, की थंडीत स्वेटर घाला. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा काय घालायचं ते मात्र लिहिलेलं नाही.

तुमच्या सपोर्टवाल्यांनी मेलवर लिहिलं, 'आपल्या पेटमध्ये भारतीय ब्रीडचा अंश आढळला नाही'. मग मी फोनवर नेटानं विचारलं की तुमच्याकडं कारवानीचे किंवा मुधोळचे नमुने आहेत का, तर ताई म्हणाल्या 'सर, सध्या ते पॅनेलमध्ये नाहीत', म्हणजे ज्या नमुन्यांशी तुम्ही जुळवता त्या यादीतच नाहीत. अहो मग आढळला नाही कसं म्हणता, शोधलाच नाही म्हणा! हजेरीपटात ज्या पोराचं नावच नाही त्याला गैरहजर मांडल्यासारखं झालं हे.

ही टेस्ट म्हणजे डीएनएमधल्या ठरावीक जागच्या खुणा तुम्ही आधी जमवलेल्या ब्रीडच्या नमुन्यांशी जुळवून बघणं, एवढं मलाही कळतं. यादीत जी जात नाही ती रिपोर्टात येणारच कशी? सॉफ्टवेअर मग जवळची जी दिसेल तिच्या नावावर टक्के टाकत सुटतं, आणि ग्रेहाउंड, सालुकी ही पण नजरेनं शिकार हेरून पळणारी त्याच ठेवणीची कुत्री, त्यामुळं आकडे त्यांच्या पदरात पडले. आमच्या डॉक्टरांनीही रिपोर्ट बघून हेच सांगितलं.

आणि ही काय कुठली अनोळखी जात नाही. भारतीय डाक खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे, केनेल क्लब ऑफ इंडिया हिलाच कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदवतं. भारतात धंदा करताय, मग पहिले नमुने इथलेच गोळा करायला नको होते का?

मला पाहिजे ते असं. टेस्टचे आणि सर्टिफिकेटचे दोन्ही पैसे परत करा. 'मिक्स्ड ब्रीड'वाला रिपोर्ट यमनीच्या मायक्रोचिप नंबरसकट तुमच्या सिस्टिममधनं काढा, कारण उद्या पिल्लं घेणाऱ्याला तो दिसला तर मी कुणाकुणाला समजावत बसू. आणि तुमच्या पॅनेलमध्ये कुठल्या ब्रीड आहेत, प्रत्येकीचे किती नमुने आहेत, ती यादी लेखी पाठवा. खरं तर ती पैसे घ्यायच्या आधीच दाखवायला पाहिजे होती.

पंधरा दिवस वाट बघतो, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार आणि मग सांगलीतच जिल्हा ग्राहक आयोगात केस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथं दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही, त्यामुळं मला काही जड जाणार नाही. पावती, रिपोर्ट आणि वेबसाइटचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय, वेबसाइटवरची ओळ आता बदलली तरी तारखेसकट माझ्याकडं आहे.

पैसे ज्या खात्यातनं आले त्याच खात्यात टाका, पुढच्या टेस्टचं डिस्काउंट कूपन नको.

यमनीचे मालक,
विश्रामबाग, सांगली