विश्वास कमी पडला म्हणून किडनी गेली का?

संपादक साहेब, सलाम.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, देवावर भरवसा ठेवणारी माणसं संकट आलं की हात जोडून बसतात आणि दवाखान्यात उशिरा जातात म्हणून. वाचून आधी राग आला, मग म्हटलं तसे लोक आहेत खरे, आमच्या चर्चच्या मंडळीतही आहेत. पण भरवसा म्हणजे तेवढंच असं छापून गेलं तर ते बरोबर नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही मराठी ख्रिस्ती, लहानपण गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या घंटेखाली गेलं, आता हडपसरला असतो. माझ्या मिसेसला तीन वर्षं झाली डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. पाणी मोजून, नारळपाणी बंद, केळं बंद, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून दिलेल्या हाताला कोणी बीपीचा पट्टा बांधायला आलं तर तीच नर्सला ओरडते आता. आणि हो, पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचं सगळं ऐकलंय, प्रार्थना केली ती दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनच.

त्रास मशीनचा कमी आणि भेटायला येणाऱ्यांचा जास्त झाला, हे लिहायला बरं वाटत नाही पण आहे तसं आहे. एक जण म्हणाले, ताई, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय. दुसऱ्या बाई म्हणाल्या, घरात काही लपवलेलं पाप आहे का बघा. मिसेस काही बोलली नाही, लोक गेल्यावर मला एवढंच म्हणाली, की हे ईयोबाचे मित्र आपला पत्ता कुठून शोधतात कोण जाणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ईयोब म्हणजे पवित्र शास्त्रातला, बायबलातला, तो माणूस ज्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र समाचाराला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. माझं मत विचाराल तर पूर्ण पुस्तकात त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं काम. पुढे तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल हे पालुपद लावलं. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जन्मलो तो दिवस जळो म्हणतो, माझी बाजू ऐक म्हणतो. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो कोणावर, तर त्या मित्रांवर, माझ्याविषयी ईयोब बोलला तसं तुम्ही नीट बोलला नाहीत म्हणून! आमच्याकडे प्रवचनात ईयोबाचा धीर सांगतात, त्याची तक्रार पटकन उरकतात, ते काही मला पटत नाही. बायबलातलंच स्तोत्र ८८ घ्या, सुरुवातीपासून रडगाणं आणि शेवटचा शब्द अंधार. खुद्द येशू वधस्तंभावरून ओरडला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि तरी हाक "माझ्या देवा" अशीच मारली ना. भांडायचं तरी त्याच्याशीच, दुसऱ्या दारात जायचं नाही, आम्ही याला भरवसा म्हणतो.

आणि हात जोडून बसण्याचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, दौंड तालुक्यात केडगावला जाऊन या. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये नवरा गेला. एवढं सोसलेली बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींचा आश्रम, उभं राहिलं. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना त्यांनी सांभाळलेल्या एका मुलीचे प्लेगच्या हॉस्पिटलात हाल झाले तेव्हा बाई प्रार्थना करून गप्प नाही बसल्या, त्यांनी बॉम्बे गार्डियन पेपरात सरकारविरुद्ध पत्र लिहिलं, म्हणजे संपादकाला पत्र लिहिणं आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत जुनंच आहे म्हणायचं. १९२१ मध्ये लेक मनोरमाही गेली आणि १९२२ मध्ये बाई गेल्या. बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं कामही त्यांनी याच आयुष्यात केलं.

आमच्या घरी रमाबाईंएवढं बळ कोणाकडे नाही. मी तर गेल्या पावसाळ्यात महिनाभर चर्चला गेलोच नाही, देवावर रुसून. मिसेस म्हणाली, रुसा, पण घरी बसून टीव्ही बघत रुसू नका, तिथे बाकावर जाऊन रुसा. गेलो. गाणी म्हटली नाहीत, नुसता बसलो. पाळकसाहेबांनीही काही विचारलं नाही, बाहेर पडताना हात हातात धरला आणि म्हणाले, मंगळवारी डायलिसिस सेंटरवर तुमच्याऐवजी मी बसतो, तुम्ही झोपा जरा. त्या दिवशीचं प्रवचन कशावर होतं ते आठवत नाही, पण मंगळवारची झोप आठवते.

उद्या तिचा पहाटेचा स्लॉट आहे, सहाला पोचायचं असतं, म्हणून इथेच थांबतो. पत्र मोठं झालं असेल तर कापा, फक्त ते सात दिवस गप्प बसलेल्या मित्रांचं तेवढं ठेवा.

आपला एक जुना वाचक,
हडपसर, पुणे