शैले, इतक्यात पैसे पाठवू नकोस

प्रिय शैला,

चार महिने तुला उत्तर नाही, चूक माझीच. गुडघा बरा आहे. पण परवा तुझा मेसेज आला, ‘सरांच्या नावानं कायद्याच्या गरजू मुलांसाठी आपल्या ट्रस्टला दहा लाख पाठवतेय’, आणि लगेच लिहायला बसले.

तुझा पासपोर्ट आता अमेरिकन. म्हणजे तुझी देणगी कायद्यानं विदेशी, मग ती डॉलरमध्ये दे नाहीतर इथल्या एनआरओ (अनिवासींच्या) खात्यातून रुपयांत. आपल्या ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. नेहमीच्या खात्यात पैसे जमा झाले की ट्रस्ट अडकला. दुबईच्या सुरेशचा पासपोर्ट भारतीय, त्यानं स्वतःच्या बचतीतून दिले तर चालतात. पण तू त्याला पाठवायचे आणि त्यानं चेक द्यायचा, हा तुझा कॅन्टीनचा हिशेब इथे नको गं!

सरळ वाट म्हणजे पूर्वपरवानगी. ट्रस्टनं गृह मंत्रालयाकडे अर्ज करायचा, सोबत रक्कम आणि काम लिहिलेलं तुझं हमीपत्र, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत वेगळं खातं. मंजुरीपासून तीन वर्षांत पैसे घ्यायचे, चार वर्षांत खर्चायचे. त्यामुळे कायम ठेव, म्हणजे मुद्दल ठेवून नुसतं व्याज वापरणं, विसर. तसंही दहा लाखांवर सात टक्के धरले तरी वर्षाला ७०,००० सुटतात, त्यात किती मुलं निघणार?

त्यापेक्षा तीन वर्षांच्या एलएलबीची सहा मुलं घे. प्रत्येकी वर्षाला ५५,०००, एकूण ९,९०,०००. आणि शैले, फी की मेस यावरून आपण महिनाभर अबोला धरला होता ना? मी अजून मेसच म्हणते. मागास प्रवर्गातल्या मुलांची फी महाडीबीटीतून, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, येते, उशिरा का होईना. खोलीभाडं, डबा, मूटचा (सराव खटल्यांच्या स्पर्धेचा) प्रवास यांचे पैसे मात्र सगळ्यांना मिळत नाहीत. वकिलीच्या सनदेची फी सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गाला ७५० वर आणली, पण बारच्या परीक्षेचे ३,५०० लागतातच. हमीपत्रात नुसतं ‘शिक्षण शुल्क’ लिहिलंस तर यातलं काही देता येणार नाही. पहिल्या वर्गाची अटही नको. सकाळी कॉलेज करून दिवसभर नोकरी करणारा पंचावन्न टक्क्यांवर अडकतो आणि पैसे तसेच पडून राहतात.

कायम ठेव सुरेशला करू दे. सोबत त्याचं पत्र हवं, ‘मुद्दल कायम ठेवावे, फक्त व्याज वापरावे’. नाहीतर ती रक्कम ट्रस्टच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते.

लेकीच्या बाळंतपणाला कोण कोण आलं? बाळाचं नाव ठरलं का?

हमीपत्राचा मसुदा जोडलाय. कामाच्या रकान्यात ‘निवास व भोजन’ आधी लिहिलंय, ते खोडू नकोस.

तुझी,
विजू