डब्यावरचं ‘३+’ हुशारीचं नाही, गळ्याचं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांना वाढदिवसाला काय गिफ्ट द्यावं यावर अख्खं पान होतं. रंगीत फोटो, किमती, ऑनलाइन कुठे मिळेल, सगळं होतं, फक्त कितव्या महिन्याच्या की कितव्या वर्षाच्या मुलाला हे द्यायचं एवढंच नव्हतं. ‘चिमुकल्यांसाठी एज्युकेशनल खेळणी’ म्हणे. अहो आठ महिन्यांचं बाळही चिमुकलंच आणि पाच वर्षांची पोरगीही चिमुकलीच, दोघांना एकच खेळणं कसं चालेल? मी २७ वर्षं बालवाडीत काढली, आता रिटायर होऊन नातवाच्या मागे पळतेय, त्यामुळे राहवलं नाही आणि मोबाइलवरच टाइप करतेय, शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीतली एक आई परवा सांगत होती, काकू आमचा दीड वर्षाचाच आहे पण भारी शार्प आहे, त्याच्या वयाची खेळणी त्याला बोअर होतात, आम्ही डायरेक्ट तीनच्या वरचीच आणतो. हे मी इतक्या वेळा ऐकलंय ना, की आता हसू पण येत नाही. डब्यावर ‘३+’ लिहिलेलं असतं किंवा गोलात बाळाचा चेहरा, ०-३ आणि त्यावर तिरकी रेघ असते, ती कसली यत्ता नाहीये हो. तुमचं मूल वर्गात पहिलं येणार का याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा साधा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की या खेळण्यात बारीक तुकडे आहेत आणि तीन वर्षांच्या आतलं मूल वस्तू ओळखतं तेच तोंडात घालून. कितीही हुशार असलं तरी घशाची नळी त्याच्या वयाएवढीच असते.

कंपन्यांकडे याची एक टेस्ट असते, साधारण ३१.७ मिलिमीटर रुंदीची एक नळकांडी असते, खेळण्याचा तुकडा जोर न लावता त्यात अख्खा मावला की तो लहान बाळाला नको. घरी मोजायचं तर दहाचं नाणं घ्या, ते २७ मिलिमीटरचं असतं, त्याच्यापेक्षा जरासंच मोठं भोक डोळ्यापुढे आणा. त्यात जाईल ते सगळं वर कपाटात. शेंगदाणे, चिंचोके, मणी, बाहुलीचे बूट, सगळं.

आमच्याच घरातलं सांगते. नातवाच्या बारशाला कुणीतरी मऊ अस्वल दिलं होतं, दिसायला गोड, डोळे काळे चकचकीत. सात-आठ महिन्यांनी एक दिवस पोरगं एकदम गप्प बसलेलं दिसलं आणि पोरगं गप्प म्हणजे काहीतरी गडबड हे बालवाडीत शिकलेलं, बोट घालून बघितलं तर अस्वलाचा एक डोळा याच्या गालात. तो डोळा शिवलेला नव्हता, नुसता चिकटवलेला होता. तेव्हापासून मी कुठलंही खेळणं आधी स्वतः ओढून, पिळून, आपटून बघते, दुकानदार बघत राहतो, बघू दे.

आणि ते चपटे बटण सेल, त्यांच्याबद्दल तर तुमच्या पानात एक ओळ हवीच होती. दिवे लागणारी, गाणी म्हणणारी स्वस्त खेळणी असतात ना, त्यांच्या सेलचं झाकण पुष्कळदा नखाने उघडतं. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात आणूच नका, फुकट मिळालं तरी. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. छोट्या ताकदवान मॅग्नेटचं पण तेच, दोन पोटात गेले तर आतड्याच्या आरपार एकमेकांना ओढून धरतात.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क कंपल्सरी आहे, हे किती आईबापांना माहितीये? फ्रीज घेताना स्टार मोजतो आपण, खेळणं घेताना डबा उलटा करूनही बघत नाही. मार्कच्या खाली लायसन्स नंबर असतो, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपवर टाकला की खरा का खोटा कळतं. मात्र कारागिरांना यातून सूट आहे, म्हणजे नोंदणी असलेल्या हस्तकलावाल्यांना आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना, त्यामुळे लाकडी खेळण्यावर मार्क नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. तिथे आपले डोळे वापरायचे. ओल्या फडक्याने घासून रंग उतरतोय का, कुठे लाकडाचं कुसळ टोचतंय का, खुळखुळ्याचा दांडा घशापर्यंत जाईल इतका बारीक आहे का.

आता खेळणं कुठल्या वयाला काय, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी उलट विचारते, सध्या तो दिवसभर काय करतो? दहा महिन्यांचं बाळ खुर्चीतून चमचा खाली टाकतं, तुम्ही उचलून देता, ते परत टाकतं, तुम्ही वैतागता. ते मस्ती नाही करत आहे, दिसेनाशी झालेली वस्तू कुठे जाते याचा शोध चाललाय त्याचा. त्याला टोपलीत टाकायच्या-काढायच्या वस्तू हव्यात, कापडाखाली लपवलेली वाटी हवी, झालं, त्याचं एज्युकेशनल टॉय ते. सव्वा-दीड वर्षाचं मूल दोन-तीन ठोकळे एकावर एक ठेवतं आणि पाडतं, पाडण्यातच मजा असते, तेव्हा त्याला पन्नास ठोकळ्यांचा सेट देऊन काय उपयोग, दहा पुरे. दोन वर्षांचं सहाएक ठोकळ्यांचा मनोरा करतं, तिसऱ्या वर्षी तोच नऊ-दहाचा होतो. आणि याच सुमाराला, म्हणजे दीड-दोनपासून, खोटं खोटं सुरू होतं. रिकामा कप तुमच्या तोंडाला लावून चहा पाजतात, केळं कानाला लावून हॅलो करतात. हे दिसलं की भातुकली आणायची, मुलगा असला तरी आणायची. बालवाडीत माझ्याकडे पोळ्या लाटायला सगळ्यात जास्त भांडणं मुलांचीच व्हायची.

हे महिने घड्याळासारखे धरू नका हं, कुणी दोन महिने पुढे, कुणी मागे. मूल फारच मागे पडतंय किंवा हाकेला बघतच नाही असं वाटलं तर खेळणं बदलून काही होत नाही, डॉक्टरला दाखवायचं.

एका गोष्टीवर मात्र मी भांडते, ते म्हणजे वॉकर. बाळाला चाकाच्या गोल खुर्चीत बसवलं की ते लवकर चालतं असं अजूनही लोकांना वाटतं. नाही चालत. त्यात ते बसून पायाच्या बोटांनी ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायची वेळच येत नाही, वर जिना किंवा उंबरा आला की सगळं उलटं. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. आणि आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळापासून पांगुळगाडा होता, त्यात बाळ मागे उभं राहून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन गाडा ढकलतं. बरोबर वस्तू आपल्या माळ्यावर धूळ खात पडलीये आणि आपण चुकीची वस्तू हप्त्यावर घेतो. अर्थात गाड्याजवळ पण मोठं माणूस पाहिजेच.

आणखी एक फॅड म्हणजे ‘मॉन्टेसरी’. कुठल्याही लाकडी वस्तूवर हल्ली हे लिहितात आणि किंमत तिप्पट करतात. ही शिकवायची पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि तेव्हा १९४६ पर्यंत होत्या, त्यांच्या साधनांत मला आवडायचं ते असं की चूक ताईने दाखवायची नसते, साधनच दाखवतं. लाकडातल्या भोकांत दट्टे बसवायचे, एक चुकला की शेवटचा बसतच नाही, मूल परत काढतं, परत लावतं. हे जिथे होतं ते चांगलं खेळणं, नाव काहीही असो. त्यांचा तो गुलाबी मनोरा आहे ना, दहा ठोकळ्यांचा, त्यातला सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तोही वर्षाच्या बाळाच्या घशात जाईल! पण तो केलाय तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि ताई शेजारी असताना. वय सोडून नुसती वस्तू उचलली की हे असं होतं.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच काम शिंपले, बिया, गोटे, पानं घेऊन केलं. महागडी साधनं परवडणार नव्हती आणि ती नसली म्हणून अडलंही नाही. आमच्या ट्रेनिंगला हे ऐकलं तेव्हा मला वाटलं गरिबांसाठीची तडजोड असेल. प्रत्यक्ष वर्गात चार वर्षांची मुलं शिंपले लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत असे अर्धा-अर्धा तास लावताना बघितली आणि मग शिंपल्यांचा डबा पहिल्या दिवसापासून बाहेर निघायला लागला. (त्यातले निम्मे दरवर्षी खिशातून घरी जायचे, ते वेगळं.)

आता तुम्ही म्हणाल बाई, मग एबीसीडी बोलणारं, बटण दाबलं की ‘ए फॉर अ‍ॅपल’ करणारं काहीच घ्यायचं नाही का? घ्या की, पण बटण कोण दाबतंय आणि डोकं कोण चालवतंय ते बघा. तिथे सगळं काम खेळणंच करतं, मुलाने फक्त बोट लावायचं. अडीच वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन अक्षर गिरवायला बसवणं पण तसंच. गोल नीट काढता यायला तिसरं वर्ष लागतं, चौकोन चार-साडेचारच्या पुढे, त्रिकोण जवळपास पाचव्या वर्षी, मग ‘अ’ कुठून येणार? त्याआधी कणीक मळू द्या, मोठे मणी दोऱ्यात ओवू द्या तीनच्या पुढे, चिमटे लावू द्या वाळत घातलेल्या कपड्यांना. बोटांत जोर आला की पेन्सिल आपोआप धरतात.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा प्रत्येक फोटोखाली किमतीच्या आधी वय छापा, आणि बारीक तुकडे असतील तर तसं स्पष्ट लिहा. दिवाळीच्या आत केलंत तर फार बरं, तेव्हाच सगळी खरेदी होते.

आमचा नातू आता सव्वा वर्षाचा आहे. स्टीलच्या डब्यात कपड्यांचे मोठे लाकडी चिमटे टाकतो, ओततो, परत टाकतो, झाकण अजून लावता येत नाही त्याचा भयंकर राग येतो त्याला. पहिल्या वाढदिवसाला आलेल्या बोलणाऱ्या खेळण्यातल्या लॅपटॉपचे सेल मी काढून भिंतीवरच्या घड्याळात घातलेत, घड्याळ छान चाललंय.

आपली,
एक निवृत्त बालवाडीताई, नाशिक