कथाप्रधान व्हिडिओ गेमचेही परीक्षण छापावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील नाटक, चित्रपट आणि पुस्तकांची परीक्षणे मी गेली अनेक वर्षे नेमाने वाचते. व्हिडिओ गेमचा विषय मात्र आपल्याकडे बहुधा मुलांच्या व्यसनाच्या बातमीतच निघतो, आणि माझीही समजूत तेवढीच होती. मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजात शिकणाऱ्या भाचीबरोबर ‘लाइफ इज स्ट्रेंज’ हा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले, त्यानंतर हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना.

पॅरिसच्या डोन्टनॉड या स्टुडिओचा हा गेम २०१५ साली जानेवारी ते ऑक्टोबर या काळात पाच भागांत प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावात छायाचित्रण शिकायला आलेली १८ वर्षांची मॅक्स ही त्याची नायिका. शाळेच्या स्वच्छतागृहात डोळ्यांदेखत एका मुलीला गोळी लागते आणि त्याच क्षणी आपल्याला काळ मागे नेता येतो हे मॅक्सला उमगते. काळ मागे गेला की वस्तू आणि माणसे पूर्वस्थितीला येतात. मॅक्स मात्र असते तिथेच राहते आणि जे कळले ते तिच्यापाशी उरते. एका प्रसंगी मुख्याध्यापकांच्या कार्यालयाचे दार स्फोटाने उघडून ती आत जाते आणि आतूनच काळ मागे नेते. दार पुन्हा धडधाकट होते, मैत्रीण क्लोई बाहेर खोळंबलेली असते आणि ही शांतपणे आतून दार उघडते. संभाषणातही तसेच: चुकीचे बोलून गेलो तर मागे जायचे आणि नीट बोलायचे. या सोयीची आपल्याला फार लवकर सवय होते.

दुसऱ्या भागाच्या शेवटी ही सोय काढून घेतली जाते. एका पार्टीत काढलेला व्हिडिओ सगळीकडे पसरल्यामुळे शाळेत छळ सोसणारी केट ही मुलगी वसतिगृहाच्या छपरावर कडेला उभी असते. तिथवर पोहोचण्यातच मॅक्सची शक्ती संपलेली असते. आता जे बोलू ते एकदाच. केटच्या खोलीत गेलो तेव्हा तिचे बायबल आणि घरून आलेली पत्रे आपण लक्षपूर्वक पाहिली होती का, क्लोईबरोबर बसलो असताना केटचा फोन आला तो घेतला होता का, यावर आपल्यापाशी कोणते शब्द असतील हे ठरते. आम्ही तो फोन घेतला नव्हता. भाचीने काही न बोलता कंट्रोलर माझ्या हाती दिला, आणि केटच्या घरी तिच्यावर माया करणारे कोण, हे मला आठवेना. केट वाचली नाही. तो प्रसंग पुन्हा खेळता आला असता, पण भाची नको म्हणाली. कथा त्या मृत्यूसकट पुढे गेली. वर्गात चाळीस मुले समोर असताना कोपऱ्यातल्या एकीकडे आपले लक्ष होते का, हा प्रश्न शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या मला त्या रात्री झोपू देईना.

असे लेखन परीक्षणास पात्र नाही काय? शिवाय पालकांनाही त्याची गरज आहे. या गेममध्ये अमली पदार्थ, आत्महत्या आणि मुलींवरील हिंसा असे विषय असल्यामुळे अमेरिकेत तो १७ वर्षे व त्यापुढील वयासाठी ठरवलेला आहे. त्यातील संवाद मराठीत नाहीत. त्यामुळे मूल पडद्यावर काय ऐकते आहे, हे इंग्रजी डोक्यावरून जाणाऱ्या घरात कोणालाच कळत नाही. महिन्यातून एकदा तरी, गेम स्वतः पूर्ण खेळलेल्या व्यक्तीकडून त्याची कथा, भाषा आणि योग्य वय यांविषयी लिहून घ्यावे, ही विनंती.

पाचव्या भागाच्या अखेरीस मॅक्सपुढे एक निवड येते, तिच्यावर मी आणि भाची अजून भांडतो आहोत. ती कोणती हे येथे लिहीत नाही. परीक्षण लिहिणाऱ्यानेही कृपया लिहू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली