न विचारता बदललेल्या वाहिन्यांबाबत तक्रार

दिनांक : 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (डिश टीव्ही जोडणी)

विषय : माझ्या संमतीशिवाय बदललेला वाहिन्यांचा संच पूर्ववत करणे व जादा घेतलेली रक्कम परत मिळणे.

महोदय,

मी मेहकर तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून घरची पाच एकर कोरडवाहू शेती करतो. आपल्या कंपनीची जोडणी आमच्या घरी 2019 पासून आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ग्राहकाने स्वतःच्या वाहिन्या स्वतः निवडाव्यात असा नियम लागू झाला, तेव्हा आपल्याच प्रतिनिधीने आमच्या ओसरीत बसून माझ्याकडून यादी भरून घेतली होती. त्या यादीतल्या पैशांच्या वाहिन्या तीनच होत्या : एक मराठी संगीताची, एक माहितीपटांची आणि एक मराठी बातम्यांची. बाकी दूरदर्शनच्या व इतर मोफत वाहिन्या आम्हाला पुरेशा होत्या.

12 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी या तिन्ही वाहिन्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी चित्रपटांचा व मालिकांचा एक संच सुरू झाला. त्याआधी मला ना संदेश आला, ना फोन. महिन्याचा खर्च 268 रुपयांवरून 311 रुपयांवर गेला. जुन्या पावतीत नेटवर्क शुल्काचे 130 रुपये व त्यावरील 18 टक्के जीएसटी मिळून 153 रुपये 40 पैसे आणि उरलेले वाहिन्यांचे, असा सरळ हिशेब मला लावता येत होता. नव्या पावतीत संचाचे एक इंग्रजी नाव आणि एकच रक्कम एवढेच छापलेले आहे. या संचात चार वाहिन्या एचडी आहेत. आमचा सेट-टॉप बॉक्सचा डबा साधा आहे आणि टीव्ही त्याहून साधा, त्यामुळे या चार वाहिन्यांच्या जागी आम्हाला काळा पडदा दिसतो आणि त्या काळ्या पडद्याचे पैसे आम्ही तीन महिने भरत आहोत.

पावसात चित्र अडकते, वीज गेली की डबा पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटे घेतो, याबद्दल मी कधी तक्रार केली नाही आणि आजही करत नाही. आभाळ भरून आल्यावर सिग्नल क्षीण होणारच, हे मला समजते. ही तक्रार वेगळी आहे.

माझे वडील 84 वर्षांचे आहेत. त्यांना अक्षरे नीट दिसत नाहीत, म्हणून मी एका पुठ्ठ्यावर जाड निळ्या पेनाने तीन आकडे मोठे लिहून तो टीव्हीशेजारी खिळ्याला टांगला होता. पहाटे उठून, चूळ भरून, ते पहिला आकडा स्वतः दाबत आणि सहा ते सात या वेळात भजने ऐकत. तरुणपणी त्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी समोर बसून ऐकलेली आहे. महाराज 1968 मध्ये गेले. तेव्हापासून रेडिओवर नागपूर केंद्र आणि पुढे टीव्ही, असा त्यांचा ऐकण्याचा क्रम राहिला. टीव्हीच्या स्पीकरमधून खंजिरीचा कडक आवाज येत नाही, तो डब्यात चिंचोके हलवल्यासारखा येतो, असे ते स्वतःच म्हणतात, पण ऐकणे त्यांनी सोडले नव्हते. 12 तारखेला त्यांनी तोच आकडा चार वेळा दाबला आणि मला हाक मारली, “काऊन रे, आज भजन काऊन नाही लागत?” पडद्यावर ‘आपण या वाहिनीची सेवा घेतलेली नाही’ असे लिहिलेले होते. सहा वर्षे पैसे भरून घेतलेली सेवा आपण घेतलेलीच नाही, हे वाक्य त्यांना वाचून दाखवायला मला लाज वाटली.

माहितीपटांची वाहिनी माझ्यासाठी व नातवंडांसाठी होती. आम्ही लोणारच्या जवळचे लोक. सरोवर लहानपणापासून पाहत आलो, काठावरची देवळे पाहिली, खारट पाण्याचा वास ओळखतो. तरीही बेसॉल्टच्या कठीण थरावर उल्का आदळून 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा कसा पडतो, खडक वितळून त्याची काच कशी होते, हे मी मुलांना वर्षानुवर्षे खडूने फळ्यावर गोल काढून शिकवले. तीच गोष्ट वरून टिपलेल्या चित्रांत पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझ्या शिकवण्यात काय राहून गेले होते ते मला कळले. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावात देवीच्या कोपापासून कारखान्याच्या रसायनापर्यंत सगळे बोलून झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाले, हे मी नातवाला सांगू शकलो, कारण तसले जीव आम्ही आधी या वाहिनीवर पाहिले होते. या वाहिन्यांवर वाघाच्या मागे उगाच ढोल वाजवतात आणि एकच झेप तीन वेळा दाखवतात, हे मला आवडत नाही. पण तो दोष वाहिनीचा आहे, आपला नाही, म्हणून इथेच सोडतो.

बातम्यांच्या वाहिनीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहावे लागेल. तिथल्या चर्चेत सहा माणसे एकदम बोलतात आणि कापसाचे नाव क्वचित निघते, हे खरे; तरी पडद्याखालच्या पट्टीवर आमच्या कामाचे चार शब्द सरकत असतात आणि आम्ही मुख्यतः ती पट्टी वाचतो. केंद्र सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरील 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ केले, ते मला वर्तमानपत्रातून कळले. 28 ऑगस्टला ही मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, ते कळले नाही. गणपतीच्या दिवसांत गाडी वेळेवर नव्हती, पेपर दोन दिवस आला नाही, आणि मोबाइलला रेंज आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यातच मिळते. गावात मला अजून गुरुजी म्हणतात आणि बातमी विचारायला येतात. मी दोन शेजाऱ्यांना ठामपणे सांगितले की सप्टेंबर संपला की बाहेरचा कापूस महाग पडेल आणि आपल्या कापसाला भाव येईल, तेव्हा व्यापाऱ्याशी आताच बोली करू नका. ऑक्टोबरात त्यातला एक जण घरी आला, चहा घेतला आणि जाताना हळूच म्हणाला, “गुरुजी, तुमीच त सांगतलं होतं.” भाव पडण्याची कारणे अनेक असतात आणि त्याचे नुकसान मी आपल्या माथी मारत नाही. जी बातमी पाहण्यासाठी मी दरमहा पैसे भरत होतो, ती पाहण्याची सोय आपण मला न सांगता काढून घेतली, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी 14 ऑगस्ट, 2 सप्टेंबर व 9 ऑक्टोबर रोजी ग्राहक सेवेला फोन केले. पहिल्या दोन वेळा ‘48 तासांत होईल’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी फोनवरचा मुलगा म्हणाला, “सर, आपके एरिया में यही पैक चलता है.” त्याने शांतपणे सांगितले, त्याच्यावर माझा राग नाही. परंतु आमच्या भागात काय चालते, हे आपण कोणाला विचारून ठरवले? खेड्यातल्या घरात चित्रपट आणि मालिका चालतात. गाणे ऐकणारा, माहितीपट पाहणारा, देशात काय चालले आहे याची चौकशी ठेवणारा माणूस तिथे नसतो, असे गृहीत धरून हा संच तयार झाला असावा, असा माझा समज झाला आहे. तो चुकीचा असल्यास आपण लेखी कळवावे.

सबब, माझ्या तिन्ही वाहिन्या त्यांच्या जुन्या दराने सुरू कराव्यात, हा संच बंद करावा, दरमहा 43 रुपयांप्रमाणे तीन महिन्यांचे 129 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत आणि हा बदल कोणाच्या संमतीने झाला याची नोंद असल्यास तिची प्रत पाठवावी. 15 दिवसांत कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 या क्रमांकावर नोंद करून बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार दाखल करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, याची मी चौकशी केली आहे.

वाहिन्या सुरू करताना त्यांचे आकडे बदलणार असतील, तर ते आधी कळवावेत, म्हणजे मला पुठ्ठा नव्याने लिहिता येईल.

आपला,
एक ग्राहक
(निवृत्त शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलडाणा)

सोबत : रिचार्जच्या पावत्यांच्या प्रती, 2019 मध्ये भरून दिलेल्या यादीची प्रत.